संक्रांतीलाच आटणारा ओढा: जेसीबी बोलावण्याआधी एवढं करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडचं, घाटमाथ्याला लागून असलेलं गाव. मधे गावठाण, खाली दोन वाड्या, ओढ्याच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी. ओढा पूर्वी होळीपर्यंत, एखाद्या वर्षी पाडव्यापर्यंत वाहायचा. आता संक्रांतीलाच धार तुटते. पाऊस काही कमी झालेला दिसत नाही. ग्रामपंचायतीकडे थोडा निधी आला आहे आणि गावात तीन तट पडलेत. एक म्हणतो जेसीबी लावून ओढा रुंद आणि खोल करू, दुसरा म्हणतो सिमेंटचा बंधारा घालू, तिसरा म्हणतो डोंगरावर झाडं लावू. यातलं आधी काय करावं?

आधी यातलं काहीच नको. दिवाळी ते मे एवढा एक हंगाम मोजमापाला द्या. निधी परत जाईल अशी भीती घालणारे भेटतील. त्यावर शेवटी सांगतो. पण जेसीबीने फोडलेला कातळ पुन्हा जागेवर बसवता येत नाही, म्हणून घाई नको म्हणतोय.

पावसाळ्यात तुमच्या ओढ्यातून जे धावतं ते पावसाचं पाणी. दसरा उलटला, गवत पिवळं पडायला लागलं की त्यानंतर ओढ्यात दिसणारा प्रत्येक थेंब झऱ्यांचा असतो. म्हणजे पौषात ओढा वाहतोय की नाही, हे डोंगराच्या पोटात किती पाणी उरलंय त्यावर ठरतं. गावात तीन गट पडलेत खरे, पण त्यातले दोघं ओढ्याच्या पात्रातच उपाय शोधतायत. दुखणं वर आहे.

डोंगराचं पोट कसं आहे ते आधी पाहू. तुमच्या भागातला सगळा डोंगर लाव्ह्याच्या थरांचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहत राहिला. एक थर निवला की त्यावर दुसरा पसरला. रतनगड घ्या नाहीतर हरिश्चंद्रगड, दुरून पाहिलं की कडा, मग उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार असे पट्टे दिसतात. कडा असतो तिथे काळा पाषाण: घट्ट, भेगा असतील तेवढंच पाणी आत घेणारा. उतार असतो तिथे बहुधा बुडबुड्यांची भोकं असलेला, लवकर झिजणारा ठिसूळ खडक, ज्याचा पुढे मुरूम होतो. दोन थरांच्या मधे कुठे कुठे गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा सापडतो. तो चिकण असतो, पाण्याला खाली जाऊ देत नाही. वरून मुरलेलं पाणी ठिसूळ खडकातून उतरतं, खालच्या पाषाणावर किंवा त्या तांबड्या पट्ट्यावर अडतं, मग आडवं सरकत जातं आणि डोंगराच्या कुशीला जिथे तो थर उघडा पडलाय तिथे बाहेर येतं. तोच झरा.

त्यामुळे झरे डोंगरावर वाटेल तिथे नसतात. पुष्कळदा ते एकाच पातळीवर ओळीने सापडतात. फेब्रुवारीत डोंगराकडे बघा: उंबर, जांभूळ, नेच्यांचे पुंजके, आजूबाजूचं सगळं गवत वाळलेलं असताना हिरवा राहिलेला एखादा तुकडा. या खुणा एका रेषेत दिसल्या तर ती रेषा वहीत काढून ठेवा. ठाकरवाडीतल्या जाणत्या माणसांना उन्हाळ्यातही कुठली खेकड्यांची बिळं ओली असतात ते तोंडपाठ असतं. हे काम त्यांना सोबत घेतल्याशिवाय करू नका. गावठाणातले चार सुशिक्षित कागद-पेन घेऊन वर गेले आणि तीन झऱ्यांची नोंद करून आले, त्याच डोंगरावर वाडीतल्या आजीने पुढे अकरा दाखवले, असं घडतं.

आता या खडकाची दुसरी बाजू. त्यात पाणी मावतं फार थोडं. शंभर घनमीटर खडक पाण्याने पूर्ण भरला, तरी त्यातून आपल्या हाती येणारं पाणी एक ते तीन घनमीटर. तापीकाठच्या गाळाच्या जमिनीसारखी ही कोठी मोठी नाही. म्हणून ती भरतेही पटकन, रितीही होते पटकन. जुलैत दोन आठवड्यांत डोंगर तुडुंब होतो आणि मग पडलेलं सगळं पाणी वरूनच वाहून जातं. आपल्याला कोठी मोठी करता येत नाही. ती सप्टेंबरअखेर पूर्ण भरलेली असावी आणि नंतर सावकाश रिकामी व्हावी, एवढंच आपल्या हातात आहे.

थोडा हिशेब करू. समजा तुमच्या ओढ्याचं पाणलोट २०० हेक्टर आहे आणि वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे ५० लाख घनमीटर, ५०० कोटी लिटर. गावात आणि वाड्यांत मिळून ६०० माणसं धरा. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी ५५ लिटर, म्हणजे रोजचे ३३ हजार लिटर. लहानमोठी ३०० जनावरं, सरासरी ४० लिटर, म्हणजे १२ हजार. एकूण ४५ हजार लिटर रोज. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर ५४ लाख लिटर. पडलेल्या पावसाच्या हजार भागांतला जेमतेम एक. तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून पुन्हा गुणाकार करा. उत्तराचा अंदाज फारसा बदलणार नाही. आमच्याकडे पाऊस एवढा पडतो तरी टँकर का, असं लोक विचारतात, त्याचं उत्तर या गुणाकारात आहे. पाणी भरपूर येतं, पण नको तेव्हा येतं आणि थांबत नाही.

मोजायचं कसं? यंत्रं लागत नाहीत. झऱ्याखाली बादली धरा आणि मोबाइलवर सेकंद मोजा. १५ लिटरची बादली १० सेकंदांत भरली तर सेकंदाला दीड लिटर, म्हणजे दिवसाला जवळजवळ १ लाख ३० हजार लिटर. दर पंधरा दिवसांनी एकाच वाराला, एकाच वेळी मोजा. सकाळी लवकर, मोटारी सुरू होण्याआधी. जुना आकडा हवा असेल तर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारा. “शिमग्यात हंडा भरायला किती वेळ बसावं लागायचं?” या प्रश्नाला कुठल्याही सरकारी नोंदीपेक्षा खरं उत्तर मिळतं. १२ लिटरचा हंडा मिनिटात भरत असेल तर ती दिवसाची १७ हजार लिटरची धार झाली.

ओढ्याच्या पात्रात बादली बसत नाही. तिथे पत्र्याची फळी लावा, मधे काटकोनात इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच पाडलेली. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी किती सेंटिमीटर उंचीवर आहे ते पट्टीने बघायचं. फळीला अगदी टेकून नको, हातभर वरच्या बाजूला, जिथे पाणी शांत असतं तिथे. १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ४.४ लिटर, दिवसाला पावणेचार लाख लिटर. ५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या थोडं वर, दिवसाला सुमारे ६५ हजार लिटर. उंची निम्मी झाली की पाणी निम्मं होत नाही, पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतं. डोळ्यांनी अंदाज बांधणारे इथेच फसतात. अशा तीन फळ्या बसवा: एक ठाकरवाडीच्या वर, एक गावठाणाजवळ, एक सगळ्यात खालच्या वाडीपाशी. गावातला कुणीही वेल्डर करून देईल.

या तीन आकड्यांतून पुष्कळ कळतं. वरच्या आणि मधल्या फळीच्या दरम्यान पाणी वाढलं तर त्या टप्प्यात झरे आहेत. घटलं तर एकतर पाणी पात्रातल्या भेगांत शिरतंय, नाहीतर कुणाचा तरी फुटबॉल पाण्यात पडलाय. (शहरी वाचकांसाठी: मोटारीच्या सक्शन पाइपच्या तोंडाला लावतात तो जाळीचा व्हॉल्व्ह.) रात्री मोजलं आणि पाणी भरून आलेलं दिसलं, की ते कारण कोणतं याबद्दल फार शंका उरत नाही.

जमल्यास टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं उपकरण) घ्या, काही शेकड्यांत मिळतो. पिण्यालायक की नाही ते त्याने ठरत नाही, पण दोन झऱ्यांचं पाणी एकाच थरातलं आहे का याचा अंदाज येतो. आकडा सारखा आणि पातळीही सारखी, तर बहुधा कोठी एकच. पाऊस पडल्या पडल्या जो झरा गढूळ होतो, त्याची वाट जवळची आणि उघडी आहे. तो लवकर आटणार. मोठा पाऊस होऊन दोन-तीन आठवड्यांनी ज्याची धार वाढते, तो लांबून आणि सावकाश येतोय. जपायचा तो हा.

आता गावातले तीन प्रस्ताव.

खोलीकरणाबद्दल मी स्पष्टच सांगतो: तुमच्या ओढ्यावर ते करू नका. दिवाळीनंतर तुमचा ओढा डोंगरातलं पाणी बाहेर काढणारी गटार असतो. गटार दीड-दोन मीटर खाली नेली की काठावरच्या जमिनीतलं आणि विहिरींतलं पाणी तेवढं लवकर ओढलं जातं. पहिल्या वर्षी खणलेल्या खड्ड्यात पाणी दिसतं, फोटो निघतात, लोक खूश होतात. ते पाणी बहुतेक शेजारच्या विहिरीतलंच असतं. शिवाय पात्रातले गोटे, वाळू, झाडांची मुळं या सगळ्यांनी पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही जातं. डोह फुटतात. उघड्या पडलेल्या पाण्यातून चैत्र-वैशाखात दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर नुसतं उडून जातं. आणि काठावर टाकलेला मुरूम पहिल्या मोठ्या पावसात पुन्हा पात्रात.

इथे कुणीतरी शिरपूरचं नाव काढेलच. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरला सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली नाले रुंद-खोल करून जे काम झालं ते खूप गाजलं. पण तिथला पाऊस तुमच्या चौथ्या हिश्शाएवढाही नाही, जमीन सपाट, आणि तापीकडच्या पट्ट्यात गाळाचे जाड थर. पाणी मुरू न देणारा वरचा थर काढून खालच्या थरात पाणी सोडणं तिथे अर्थाचं होतं. तुमच्याकडे जमीन उताराची आणि खाली पाषाण. तिथलं औषध इथे चालेल असं मानायला काही आधार नाही.

सिमेंट बंधाऱ्याला माझा सरसकट विरोध नाही, पण गणित करा. तुमच्या ओढ्याचा उतार वरच्या भागात शंभर मीटरला पाच मीटर असेल. तिथे दोन मीटर उंचीची भिंत घातली तर पाणी मागे ४० मीटरच तुंबणार. पात्र सहा मीटर रुंद धरलं तर साठा २४० घनमीटर. रोजच्या ४५ हजार लिटरच्या गरजेला पाच दिवस पुरेल एवढा. तेही गाळ साठला नाही तर. तीव्र उताराच्या ओढ्यात दोन-तीन पावसाळ्यांत गोटे आणि गाळ भिंतीच्या माथ्यापर्यंत येतो. हीच भिंत खाली, शंभर मीटरला एक मीटर उताराच्या सपाट टप्प्यावर घातली तर पाणी २०० मीटर मागे जातं आणि साठा पाचपट होतो. म्हणून बंधारा घालायचाच तर खाली, आणि पात्राच्या तळाशी खडक कोणता आहे ते बघून. तळाला भेगाळ खडक असेल तर शेजारच्या विहिरींना फायदा. घट्ट पाषाण असेल तर ते फक्त उघडं टाकं. गुरांना आणि धुण्याला उपयोगी, बाकी नाही. भिंतीत बरगे (काढता-घालता येणाऱ्या फळ्या) बसवायचा गाळा, म्हणजे मोकळी जागा, ठेवा, पावसाळ्यात तो मोकळा राहू द्या. गाळ निघून जातो आणि मृगाच्या पहिल्या पुरात चढणीच्या माशांना वर जायला वाट राहते. गाळा न ठेवलेल्या भिंतीमुळे वरच्या वाडीचे चढणीचे मासे बंद झाले, ही तक्रार अनेक गावांत ऐकायला मिळते आणि ती मला बंधाऱ्याच्या खर्चाइतकीच महत्त्वाची वाटते.

तोपर्यंत वनराई बंधारे घाला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंड शिवायचं, सांधे मोडून रचायच्या. दसऱ्यानंतर धार थोडी मंदावली की लगेच. डिसेंबरात घालून काही मिळत नाही. मीटरभर उंची पुरे. पावसाळ्यापूर्वी गोण्या काढून घ्या, नाहीतर त्यांचं प्लॅस्टिक खालच्या गावाच्या खाचरांत जाऊन बसतं.

झाडांचा प्रस्ताव ऐकायला सगळ्यात चांगला आणि तपासायला सगळ्यात अवघड. झाडंही पाणी पितात. जोमाने वाढणारी, दाट लावलेली रोपं झऱ्याच्या वरच्या बाजूला लावली तर पहिली काही वर्षं धार कमी झालेलीही दिसू शकते. माझा क्रम असा: आधी वणवा बंद, मग चराईला आळीपाळी, मग गवत, आणि झाडं आपोआप उगवतील ती राखायची. माघ-फाल्गुनात डोंगर पेटला की गवत जळतं, पालापाचोळा जातो, माती उघडी पडते. मृगाचे टपोरे थेंब त्या उघड्या मातीवर आपटून वर पापुद्रा धरतो आणि पाणी आत शिरायच्या ऐवजी पळत सुटतं. दरवर्षी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा) काढणं आणि वणवा लागला तर कुणी धावायचं ते आधी ठरवणं, यात निधी लागत नाही. पवन्या, मारवेलसारखं गवत दोन-तीन पावसाळ्यांत परत येतं. कारवीचं रान असेल तर त्याला हातच लावू नका. तीव्र उतारावरची माती तिने धरून ठेवलेली असते. राबासाठी (भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी) फांद्या तोडणाऱ्यांना आणि उतारावर नाचणी-वरई करणाऱ्यांना मात्र उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. ते हे पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत आणि ओढा तेव्हा होळीपर्यंत वाहतच होता.

पाणी मुरवायला उतारावर एका पातळीत आडवे खणतात त्या समतल चरांविषयी एक इशारा, आणि तो मनावर घ्या. माथा ते पायथा, म्हणजे काम वरून खाली करत यायचं, हे सूत्र बरोबर आहे, पण चर प्रत्येक उतारावर खणायचे नसतात. जाड मातीचा तीव्र उतार आणि त्याच्याखाली घरं, अशा ठिकाणी पाणी अडवून मातीत मुरवणं धोक्याचं. आंबेगाव तालुक्यातलं माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. तळिये २२ जुलै २०२१ ला. इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी, आणि चरांमुळे हे झालं असं मी म्हणत नाही. पण अतिवृष्टीत पाण्याने जड झालेली माती उतारावरून सुटते, एवढं त्यातून दिसतं. ठाकरवाडीच्या वरच्या उतारावर एकही चर खणू नका. तिथे उलट पाणी वस्तीच्या बाजूने सुखरूप निघून जाईल अशी वाट हवी. चर घ्यायचे ते माथ्यावरच्या सपाटीला आणि मधल्या पठाराच्या पायरीवर, जिथे पाणी ठिसूळ खडकात शिरतं. ओघळींत अनगड दगडांचे छोटे बांध घाला, वरून खाली क्रमाने.

पण पाऊस तेवढाच असताना धार तुटायला लवकर का लागली? शिवारफेरी करा म्हणजे तुमचं कारण तुम्हालाच सापडेल. मला अशा गावांत बहुतेकदा चार गोष्टी दिसतात. पहिली बोअर. साठ-सत्तर मीटरची बोअर मघाच्या तांबड्या पट्ट्याला भोक पाडून जाते. केसिंग पाइप वरच्या मुरुमापुरताच असतो, त्यामुळे वरच्या थरातलं पाणी भोकातून खालच्या थरात उतरून जातं. बोअरला पाणी लागो न लागो, झऱ्याचं पाणी गेलंच. घाटमाथ्याला फार्महाऊसचे प्लॉट पडलेत तिथे हे सर्रास चालतं. दुसरी रस्त्याची कटाई. नवीन रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला नोव्हेंबरपर्यंत पाझर दिसत असेल, तर झऱ्याची रेषा तिथे कापली गेली आहे आणि तुमचं पाणी रस्त्याच्या नालीतून चाललंय. तिसरी मोटारी, त्यावर पुढे येतो.

चौथी गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: पडीक खाचरं. भाताच्या खाचरात दोन-अडीच महिने पाणी उभं असतं. ओढ्याच्या दोन्ही अंगांना पायऱ्यापायऱ्यांनी असलेली ही खाचरं गावाचा सगळ्यात जुना पाणलोट कार्यक्रम आहे, फक्त त्याचा फलक नाही. पोरं पुण्या-मुंबईला, नारायणगावला गेली. वरची खाचरं पडली. बांध फुटले ते कुणी घातले नाहीत. आता ते पाणी फुटक्या बांधातून सरळ ओढ्यात जातं. किती खाचरांचे बांध फुटलेत ते मोजा. ते दुरुस्त करणं हे या सगळ्या यादीतलं माझं सगळ्यात आवडतं काम. घरटी मजुरी मिळते, जमीन मालकाची सुधारते, आणि वाद होत नाहीत.

मोटारींचा वाद मात्र होणार. पाच एचपीची मोटर वीस मीटर चढावर सेकंदाला साधारण नऊ लिटर ओढते, तासाला ३२ हजारांहून थोडं अधिक. म्हणजे तुमच्या सगळ्या गावाचं एका दिवसाचं पिण्याचं पाणी एक मोटर एका तासात उचलते. पौषातल्या ओढ्यात सेकंदाला लिटर-दोन लिटर येत असताना तीन मोटारी बसल्या, तर डोह दुपारपर्यंत रिकामे होणारच. कांदा किंवा टोमॅटो करणाऱ्याला खलनायक ठरवून हे सुटत नाही. त्याने कर्ज काढून पाइप टाकलेत.

इथे त्या फळीवरच्या सेंटिमीटरचा उपयोग होतो. नियम आकड्याशी बांधा, माणसाशी नको. मधल्या फळीवर १० सेंटिमीटर असेपर्यंत मोटारी पाळीने चालतील. त्याच्या खाली गेलं की एकावेळी एकच, तीही ठरलेल्या तासांना. ६ सेंटिमीटरला सगळ्या बंद. ६ का, तर ५ सेंटिमीटरला दिवसाचे ६५ हजार लिटर येतात, गावाची गरज ४५ हजार आहे, आणि खालच्या गावाला व ओढ्यातल्या जिवांनाही काही उरायला हवं. आकडा शाळेच्या फळ्यावर रोज लिहा. सरपंचाने मोटर बंद कर म्हटलं तर राजकारण होतं. फळीने म्हटलं तर थोडं कमी होतं.

वाटपाची उदाहरणं आपल्याकडेच आहेत. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी सत्तरच्या दशकात पाणी पंचायत सुरू केली. तिथे पाणी जमिनीच्या मापाने दिलं नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने दिलं: माणशी अर्धा एकर, घराला जास्तीत जास्त अडीच एकर. उसाला पाणी नाही. भूमिहीनालाही वाटा. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धतीत बंधाऱ्याचं पाणी कुणाला, कधी, किती हे गावकरीच शेकडो वर्षं ठरवत आले. तुमच्या ओढ्यावर एवढं मोठं काही नको. पण भूमिहीन घरांचा आणि ठाकरवाडीचा वाटा पहिल्याच ठरावात लिहून घ्या. पुढच्या बैठकांत तो मागे पडतो.

कायद्याचं थोडक्यात. झऱ्यांच्या वरचा डोंगर बहुधा वनखात्याकडे असेल. वनहक्क कायदा, २००६ खाली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर त्या जंगलाचं रक्षण आणि संवर्धन करायचा हक्क ग्रामसभेकडे येतो. मिळाला नसेल तर दावा दाखल करण्याचं हे उत्तम निमित्त आहे. पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू असलेलं गाव असेल तर ग्रामसभेचा शब्द आणखी जड. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवाजवळ (गाव जिथून पाणी घेतं त्या स्रोताजवळ) नव्या विहिरी-बोअरवर निर्बंध घालण्याची तरतूद राज्याच्या भूजल कायद्यात आहे. त्यासाठी तुमचा झरा हा गावाचा उद्भव आहे, ही नोंद कागदावर लागते. ती आधी करा. चर, बांध, खाचरांची दुरुस्ती ही कामं रोजगार हमीत बसतात.

हे वाचून कोकणातले काही जण आपल्या पऱ्याला किंवा व्हाळाला (तिकडच्या ओढ्याला) हेच लावू पाहतील. जपून. कोकणात तुमच्याकडे वर जांभ्याचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार, आहे. तो पाणी पितो, खालच्या चिकण मातीवर ते अडतं आणि सड्याच्या कडेला झरे फुटतात. तिथे पाटाच्या पाण्याचं आणि वायंगण (उन्हाळी) शेतीचं दुखणं सहसा सड्यावरच्या चिरेखाणीत आणि सुरुंग लावून केलेल्या कलमांच्या खड्ड्यांत शोधावं लागतं. तो वेगळा विषय आहे.

आता निधीचं. तो या वर्षी खर्ची पडलाच पाहिजे असेल तर झऱ्याच्या टाकीवर घाला. दिवसाला १७ हजार लिटर देणारी हंड्याची धार रात्रीच्या दहा तासांत ७ हजार लिटर ओढ्यात सोडून देते, कारण तेव्हा भरायला कुणी नसतं. दहा हजार लिटरची टाकी ते पाणी धरते. उतार असेल तर विजेशिवाय पाइपने वाडीपर्यंत जातं. दोन पथ्यं पाळा. झऱ्याचं तोंड मोठं करायला सुरुंग किंवा ब्रेकर लावायचा नाही. पाणी दुसरी वाट धरतं आणि सापडत नाही. आणि टाकीतल्या पाण्याची पातळी झऱ्याच्या तोंडाच्या वर कधीच चढता कामा नये. चढली तर मागे दाब येतो आणि झरा बाजूने फुटून निघतो. म्हणून झऱ्याच्या तोंडाशी फक्त छोटी, झाकलेली पेटी, आत धुतलेली खडी, आणि साठवणीची टाकी दहा-वीस फूट खाली. जास्तीचं पाणी गुरांच्या हौदाला, हौद झऱ्यापासून लांब. पाण्याची जिवाणू तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत करून घ्या. झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसतं, पण वर गुरं बसत असतील तर ते स्वच्छ नसतं.

मे अखेर तुमच्याकडे तीन फळ्यांचे आकडे, झऱ्यांची रेषा, बोअर आणि मोटारींच्या जागा, आणि फुटक्या बांधांची यादी असेल. ती घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या कार्यालयात जा. तिथे “आमच्या गावात पाणी कुठे लागेल” असं विचारू नका. त्याचं उत्तर म्हणून बोअरची जागा मिळते. “या झऱ्याला पाणी डोंगराच्या कोणत्या अंगाने येतं, थरांचा कल कुठे आहे” असं विचारा आणि भूवैज्ञानिकाला डोंगरावर घेऊन या. थरांचा कल उलटा निघाला, तर तुमच्या झऱ्याचं पाणी कदाचित पलीकडच्या गावाच्या हद्दीत मुरत असेल. मग त्या गावाशी बोलावं लागेल, आणि तसं असेल तर ते बोलणं चरांना हात लावण्याआधी झालेलं बरं.